लाखाचा फोन की पंधरा हजाराचा, सोलापुरातनं बघितलं तर

सरळच सांगतो, सोलापुरात पगारावर घर चालवणाऱ्या बहुतेक माणसाला ८०-९० हजाराच्या फोनची गरज नाही, आणि हप्त्यावर तर तो अजिबातच घेऊ नये. पण एवढं बोलून मी थांबणार नाही, कारण यातला अर्धाच भाग सगळे बोलतात. उरलेला अर्धा असा की सात-आठ हजाराच्या फोनमध्ये कंपन्या जे देत नाहीत ते द्यायला त्यांना कुणीतरी भाग पाडायला पाहिजे, कारण आता तो फोनच गरिबाचं पासबुक झालाय. माझं खरं भांडण तिथं आहे. आधी महागड्या फोनचं बघू.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशोब बघतो. दिवाळीचा बोनस जवळ आला की खात्यातली पोरं विचारायला येतात, साहेब कुठला घेऊ, आणि प्रत्येकाच्या डोळ्यासमोर तोच एक कॅमेऱ्याचे तीन डोळे असलेला फोन असतो. त्यांना मी नाही कसं म्हणायचं हा प्रश्न नाही, पोरांचं चुकत पण नाही, महाग फोन चांगलाच असतो, हे आधी मान्य करून टाकू. स्क्रीन उन्हात दिसते, आवाज स्वच्छ येतो, पाण्यात पडला तरी बहुतेक वेळा वाचतो, आणि कॅमेरा, त्याबद्दल तर वादच नाही. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते तेव्हा बघा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत दिवसा कुठल्याही फोनने फोटो काढा, साताठ हजाराच्या आणि लाखाच्या फोटोत व्हॉट्सअपवर गेल्यावर फार फरक कळत नाही. पण रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की स्वस्त फोनमध्ये नुसता पांढरा डाग येतो आणि खाली माणसांची तोंडं म्हणजे काळा चिखल, तेच महाग फोनमध्ये आभाळातली ठिणगी वेगळी आणि खालच्या पोराच्या गालावरचा उजेड वेगळा दिसतो. सेन्सर मोठा असतो, लेन्स हात हलला तरी सावरणारी असते, त्याचे पैसे असतात ते. ज्याचं पोटच फोटो-व्हिडिओवर आहे, लग्नाचे रील बनवणारा, साड्या आणि चादरी ऑनलाईन विकणारा, त्याने जरूर घ्यावा, त्याच्यासाठी ते अवजार आहे आणि अवजारात कंजुषी करू नये.

बाकीच्यांचं काय? बाकीचे आपण दिवसभर फोनवर करतो काय तर व्हॉट्सअप, युट्युब, इन्स्टा, युपीआय, पोराच्या शाळेचा ग्रुप, गॅस बुकिंग, रेल्वेचं तिकीट. दहा वर्षांपूर्वी या कामात सुद्धा स्वस्त आणि महाग फोनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता, स्वस्त फोन कॉल उचलायला सुद्धा विचार करायचा. आता पंधरा ते वीस हजारात फाईव्ह जी, दिवसभर पुरणारी बॅटरी, मोठी चांगली स्क्रीन, सगळं मिळतं. त्याच्या वर जेवढे पैसे टाकाल तेवढा फायदा कमी कमी होत जातो, म्हणजे दहावरनं वीस हजारावर गेलं तर रोजच्या रोज कळणारा फरक पडतो, वीसवरनं चाळीसवर गेलं तर कधीकधी कळतो, आणि चाळीसवरनं ऐंशीवर गेलं तर तो फरक शोधावा लागतो.

आणि आपलं गाव कुठलं आहे ते पण बघा की. फोन बनवणारे तो एसी ऑफिसात बसणारा माणूस डोळ्यासमोर ठेवतात. ॲपल स्वतःच सांगते की आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४० च्या खाली यायला तयार नसतो. दुपारी सात रस्ता चौकात टू-व्हीलर लावून मॅप बघायला गेलं की लाखाचा फोन पण गरम होऊन स्क्रीन अंधारी करतो, चार्जिंग थांबवतो, स्पीड कमी करतो, ती त्याने स्वतःला वाचवायची सोय आहे. म्हणजे ज्या प्रोसेसरसाठी एवढे पैसे मोजले तो आपल्या उन्हाळ्यात दुपारभर हात राखूनच काम करणार. स्वस्त फोन पण तापतोच, पण त्याच्यासाठी आपण लाख मोजलेले नसतात.

कारखान्यातली गोष्ट तर अजून वेगळी. माग चालू असले की हवेत सुताचे बारीक तंतू उडत असतात, ते डोक्यावर, भुवयांवर, मशीनवर आणि खिशातल्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसतात. घाम असतोच. महिन्या-दोन महिन्यात पिन आत पूर्ण जात नाही, हलवून हलवून लावावी लागते, पोरगं म्हणतं, "साहेब, चार्जच होईना बघा, बॅटरी गेली वाटतं." बॅटरी गेलेली नसते. नवी पेठेतल्या रिपेअरवाल्याकडे फोन नेला की तो आधी भिंग डोळ्याला लावतो, बारीक सुई आत घालतो आणि हळूच बाहेर काढतो तर दाबून दाबून घट्ट झालेली करड्या रंगाची सुताची वळकटी निघते, तांदळाच्या दाण्याएवढी, पोर्टच्या तळाच्या आकाराची. ब्रशने साफ करतो, पिन टच करून दाखवतो, झालं. आयपी ६८, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही असा दर्जा, लिहिलेल्या फोनमध्ये पण हे होतंच, कारण धूळ फोनच्या आत जात नाही हे खरं असलं तरी ते भोक तर उघडंच असतं ना. मुद्दा एवढाच की मागावर काम करणाऱ्याचा फोन पडणार, तापणार, त्यात सूत जाणार. अशा ठिकाणी ज्याचा फुटलेला डिस्प्ले बदलायला एका नव्या चांगल्या बजेट फोनएवढा खर्च येतो असा फोन खिशात घालून फिरणं म्हणजे दिवसभर काळजीच घेऊन फिरणं आहे.

आता हप्त्याचं. याबद्दल मला मनापासून बोलायचंय कारण माझ्या डोळ्यासमोर पगार होतात आणि कुणाचा किती कुठं जातो ते मला दिसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ आपल्याकडे ८२,९०० रुपयांना आला. चोवीस महिन्यांचा हप्ता पाडला तर व्याज न धरता महिन्याला साडेतीन हजाराच्या जवळपास जातात. लाडकी बहीणचे महिन्याला १५०० येतात त्यावर किती घरांचा किराणा सरकतो ते आपल्या सगळ्यांना माहितीये, म्हणजे दोन बहिणींचे पैसे एकत्र केले तरी हा हप्ता भरत नाही. आणि दुकानात पाटी असते नो कॉस्ट ईएमआय. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट सांगितलंय की शून्य टक्के व्याज असा काही प्रकारच नसतो, व्याज कुठंतरी लपवलेलं असतं. होतं काय की व्याजाएवढी सूट किमतीतनं आधी दाखवतात आणि मग तेच व्याज तुमच्याकडनं घेतात, म्हणजे रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती तुमची गेली. वर प्रोसेसिंग फी वेगळी, आणि क्रेडिट कार्डवर घेतलं असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी पण लागतो. एक हप्ता चुकला की दंड आणि सिबिलवर डाग, मग उद्या घरासाठी कर्ज काढायला गेलं की तो फोन आडवा येतो. घराच्या आधी फोनसाठी पत खर्च करायची हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

यावर हुशार पोरांचं उत्तर तयार असतं आणि ते ऐकण्यासारखं आहे. ते म्हणतात, महाग फोन जास्त वर्षं टिकतो आणि विकताना पण किंमत येते, वर्षाला पाडून बघा. चला पाडून बघू. समजा ८२,९०० चा फोन चार वर्षं वापरला आणि ३० हजाराला विकला, तरी ५२,९०० गेले, म्हणजे वर्षाला १३ हजाराच्या वर. दुसरीकडे सॅमसंगचा ए १६ फाईव्ह जी ऑक्टोबर २०२४ मध्ये १८,९९९ ला आला, तो चार वर्षांनी फुकट देऊन टाकला तरी वर्षाला पावणेपाच हजार. सात वर्षं महागडा फोन न विकता वापरला तरी वर्षाला जवळजवळ १२ हजार पडतात, आणि त्यात मधे एकदा बॅटरी बदलायला लागणार ती वेगळी. हिशोब कुठल्या पण बाजूने मांडा, महाग फोन वर्षाच्या भावात पण महागच पडतो. ज्याला परवडतं त्याने घ्यावा, हौस म्हणून घ्यावा, हौसेला मोल नसतं हे मी पण मानतो, पण बचत म्हणून घेतोय असं सांगू नये.

वापरलेला जुना फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा सगळ्यात वरचा महागडा फोन, हा एक मधला रस्ता आहे, चांगला आहे, फक्त बिल आणि बॉक्स असेल तरच घ्या आणि आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर टाकून बघा, चोरीचा म्हणून ब्लॉक असेल तर तिथं कळतं.

आता माझ्या खऱ्या भांडणाकडे येतो. वर मी ए १६ चं नाव मुद्दाम घेतलं. त्या फोनला कंपनीने सहा वर्षं अपडेट देणार असं सांगितलंय. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस २४ ला सात वर्षं दिली, तेव्हा सगळ्यांना वाटलं की हे महागड्या फोनचं लाड आहे. मग एकोणीस हजाराच्या फोनला सहा वर्षं मिळाली, म्हणजे देता येतं. तरीसुद्धा बाजारात सात-आठ-नऊ हजाराचे असे कितीतरी फोन आहेत ज्यांच्या अपडेटचं बॉक्सवर एक अक्षर नसतं, आणि दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "अपडेट येतील की ओ, टेन्शन घेऊ नका."

आणि हे फोन कोण घेतं? कुंभारीच्या घरकुलात राहणारी विडी कामगार बाई घेते. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या, संध्याकाळी स्वयंपाक, आणि फोन पोरीच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलेला असतो पण घरात तो एकच असतो. आमच्या ओळखीच्या एका मावशींचा फोन मी हातात घेऊन बघितला होता. स्क्रीन उघडली की आधी जाहिरात, ती बंद केली की खालनं न्यूजचं काहीतरी, मग कुठल्या कुठल्या गेमच्या नोटिफिकेशन, त्यांनी एक पण टाकलेली नव्हती, सगळं फोनबरोबरच आलेलं. ३२ जीबीतली अर्धी जागा फोननेच खाल्लेली, उरलेली व्हॉट्सअपच्या गुड मॉर्निंगने. बँकेचं ॲप उघडायला टाकलं की पांढरी स्क्रीन, मग गोल फिरतं, मग परत पांढरी. मावशी म्हणाल्या, "लई हँग होऊलालाय ओ, पोरगी रडते परीक्षेच्या टायमाला." सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर शेवटचा सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती, वर्षापेक्षा जास्त जुना होता आणि वर लिहिलेलं, तुमचा फोन अपडेटेड आहे.

हे असं का होतं ते समजून घ्या. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी नावाची जुनी स्टोरेज चिप घालतात, महाग फोनमध्ये युएफएस असते. ईएमएमसीत एका वेळी एक तर वाचायचं नाहीतर लिहायचं, दोन्ही एकदम होत नाही, म्हणून ॲप अपडेट होत असताना फोन मेल्यासारखा होतो, आणि जागा भरत आली की अजून हळू. त्यामुळं रॅमचा आकडा बघून फोन घेणाऱ्याला मी सांगतो, आधी स्टोरेज कुठली ते विचार. हा झाला हार्डवेअरचा भाग, तिथं पैसे वाचवले तर मी समजू शकतो, कमी किमतीत कुठंतरी काटछाट होणारच. जाहिरातींचं पण कारण उघड आहे, शाओमीने तर २०१८ मध्ये जाहीरच केलेलं की हार्डवेअरवर ५ टक्क्यांच्या वर निव्वळ नफा घेणार नाही. फोनवर थोडक्यात भागवायचं असलं की बाकीची कमाई फोन तुमच्या हातात आल्यावर तुम्हाला जाहिराती दाखवून करायची. तेही एकवेळ चालवून घेऊ.

पण सिक्युरिटी अपडेट ही काटछाट करायची जागा नाही. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटींची यादी आणि त्यावरचा इलाज गुगल २०१५ पासून दर महिन्याला काढतंय. इलाज तयार असतो. फोन कंपनीने तो आपल्या मॉडेलसाठी बसवून, तपासून पाठवायचा असतो, त्याला माणसं लागतात, पैसे लागतात, आणि स्वस्त मॉडेलसाठी ते करायची इच्छा नसते. आणि यादी तर सगळ्या जगाला दिसते, चोराला पण दिसते. ज्याच्या फोनला इलाज पोचला तो वाचला, ज्याच्या फोनला नाही पोचला त्याचं दार कुठनं उघडतं ते छापून आलंय. आता मला सांगा, लाखाचा फोनवाला आणि आठ हजाराचा फोनवाला, दोघांचं युपीआय एकच, दोघांचं आधार एकच, ओटीपी दोघांना सारखाच येतो. उलट लाखाच्या फोनवाल्या साहेबांचे पन्नास हजार गेले तर ते तक्रार करतील, वकील बघतील, आणि मावशींचे सहा हजार गेले तर तो त्यांचा महिना गेला. लग्नाच्या पत्रिकेची, आरटीओच्या चलनाची म्हणून एपीके फाईल, म्हणजे दाबली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल, व्हॉट्सअपवर येते आणि ती दाबली की खातं रिकामं होतं, हे प्रकार आता सगळ्यांनी ऐकलेत. अशी फाईल आपणच दाबून टाकली तर नुसत्या अपडेटने वाचत नाही, सवय पण लावायला पाहिजे, हे मला कबूल आहे. पण सरकारने सगळं फोनवर आणलं, युपीआय २०१६ पासून आलं, लाडकी बहीणची ई-केवायसी सुद्धा ऑनलाईन करा म्हणलं, मग ज्या फोनवर हे करायचं तो सुरक्षित राहील याची जबाबदारी एकट्या विडी वळणाऱ्या बाईवर कशी काय टाकता येईल?

दुसरीकडे झालंय हे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा लागू आहे की इंटरनेटला जोडणारी वस्तू विकायची तर किमान किती काळ सिक्युरिटी अपडेट देणार ते ग्राहकाला आधी सांगायचं. युरोपियन युनियनने २० जून २०२५ पासून नियम केला की मॉडेलची विक्री बंद झाल्यावर पण किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे, सुटे भाग सात वर्षं ठेवायचे, बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावर ८० टक्के तरी शिल्लक राहिली पाहिजे, आणि फोन किती सहज दुरुस्त होतो त्याची ग्रेड लेबलवर छापायची. फोन स्वस्त असो की महाग. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, चांगलं पाऊल आहे, पण पोर्टलवर माहिती आली म्हणजे गावातल्या रिपेअरवाल्याला ओरिजिनल पार्ट मिळाला असं नाही. नवी पेठेत पोरं कमालीच्या हाताची आहेत, मदरबोर्डवरचा मोहरीएवढा पार्ट बदलतात, पण डिस्प्ले मागितला की कॉपीच मिळते, आणि मग लोक म्हणतात रिपेअरवाला फसवतो. त्याला ओरिजिनल मिळू द्या, मग बोलू.

सरकारने अजून एक करावं. १ एप्रिल २०२० ला मोबाईलवरचा जीएसटी १२ वरनं १८ टक्के झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या टीव्हीवरचा, एसीवरचा कर २८ वरनं १८ वर आणला, मोबाईल आहे तिथंच राहिला. म्हणजे लाखाच्या फोनला पण १८ आणि मावशींच्या आठ हजाराच्या फोनला पण १८, त्यातले बाराशेच्या वर रुपये नुसता कर. पंधरा हजाराच्या आतल्या फोनवर कर कमी करावा, पण एका अटीवर, कंपनीने पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट लिहून द्यायचे. त्यात कंपनीचा पण फायदा आहे आणि घेणाऱ्याचा पण.

तोवर दुकानात गेल्यावर काय बघायचं ते सांगतो. ज्याचं बजेट दहाच्या आत आहे त्याने दोन महिने थांबून अजून चार-पाच हजार जमवावेत, कारण सगळ्यात मोठा फरक तिथंच पडतो. ज्याचं बजेट हप्त्यावर ऐंशी आहे त्याने वीस-पंचवीसमध्ये रोख घ्यावा आणि उरलेला हप्ता पोस्टात आरडीला टाकावा. सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे की दर वेळी पुण्याला पाठवणार ते आधी विचारा, कारण पंधरा दिवस फोनशिवाय बसायची वेळ आली की मग कळतं. आणि काउंटरवर उभं राहून मोठ्याने विचारा, या मॉडेलला सिक्युरिटी अपडेट कुठल्या तारखेपर्यंत आहेत. दुकानदाराला माहिती नसेल तर त्याला कंपनीला फोन लावायला सांगा. बॉक्सवर एमआरपी छापलेली असते, बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, कारण कायद्याने ते छापायलाच लागतं. त्याच्या खाली अजून एक ओळ मावते, सुरक्षा अपडेट अमुक तारखेपर्यंत, अशी. ती ओळ छापणं सक्तीचं करा ही मागणी आपल्या ग्राहक पंचायतींनी, कामगार संघटनांनी आणि खासदारांनी दिल्लीत लावून धरली पाहिजे, आणि ती आठ हजाराच्या बॉक्सवर आधी छापली पाहिजे.